भीमथडी घोडीला मारवाडी नर लावावा का?

नीराकाठ (प्रश्न):
नमस्कार. आमच्या रानात दरवर्षी मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगर कुटुंबाकडून मी गेल्या वर्षी चार वर्षांची कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळ-शेपटीची) भीमथडी घोडी घेतली. मारवाडी घोड्यांपुढे ती बुटकी दिसते. पण खूर इतके टणक आहेत की मुरमाड रस्त्यावरून नाल न ठोकता रोज चालूनही अजून कपचा उडालेला नाही. गावातले जाणकार म्हणतात, तिला मारवाडी नर लावला तर शिंगरू उंच निपजेल आणि सारंगखेड्याच्या यात्रेत त्याला चांगला दाम येईल. दुसरीकडे, भीमथडीची देशातली आठवी घोड्याची जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाल्याचे वाचल्यापासून मन मागे ओढते आहे. माझ्या एका घोडीने जातीचे असे काय बिघडणार आहे?

थडीवरचा:
थडी म्हणजे काठ, भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. इंग्रजी अमदानीत भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि आजच्या दौंड-बारामतीचा मुलूख त्यातच मोडत असे. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचा अभिमान आपण सगळेच मिरवतो. पण ते तट्टू ‘शुद्ध’ म्हणून नावाजले गेले नव्हते. बंदरांवर उतरणाऱ्या अरबी घोड्यांचे रक्त इथल्या तट्टांत मिसळत गेले आणि थोड्या दाणावैरणीवर लांब मजल मारणारे जनावर तेवढे टिकले. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला सरकारातून घोडा मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदाराला खाण्यात उधळा घोडा परवडणारच नव्हता. 1818 नंतर त्या फौजाच मोडल्या आणि गिऱ्हाईक गेले. तेव्हा जुन्या काळी संकर झाला म्हणून आज एक मारवाडी नर लावल्याने आभाळ कोसळणार नाही, असे माझे मत आहे.

पशुवैद्य:
वरील इतिहास मान्य, निष्कर्ष मान्य नाही. त्या काळी मूळ तट्टांची संख्या मोठी होती, म्हणून बाहेरचे रक्त त्यांत जिरून गेले. आज जातिवंत घोड्या मोजक्या असताना प्रत्येक घोडी उंचीच्या हौसेपायी बाहेरच्या जातीच्या नराकडून भरवली (गाभण केली) गेली, तर जिरून जाईल ती भीमथडीच. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि बहुधा एकच शिंगरू होते, त्यामुळे एक संकरित वेत म्हणजे जातीचे एक वर्ष वाया गेले, असा हिशेब धरावा. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे झालेली नोंद ही जातीची ओळख आहे, संरक्षण नव्हे. बिकानेरला 2023 मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मले, ते तंत्र उद्या भीमथडीलाही लावता येईल. पण भ्रूण मिळवायलासुद्धा जातिवंत घोडी जिवंत असावी लागते. एक सावधगिरी मात्र बाळगा: त्याच वाड्यावरचा (मेंढपाळांच्या फिरत्या तळावरचा) नर लावू नका, तो तिचा बाप किंवा भाऊ असण्याचा संभव असतो.

मेंढका:
आमच्या घरात तीन पिढ्या या घोड्या आहेत, म्हणून लिहितो. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे निघाला की घोडीच्या पाठीवर वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी), भांडी, पीठ, वाटेत जन्मलेली कोकरे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर लहान मूल, असा संसार असतो. ती कोणी न धरताही कळपामागे चालते. आता कुरणे बंद झाली, डांबरी रस्ते वाढले, बरीच कुटुंबे बिऱ्हाड टेंपोत घालतात, आणि टेंपो आला की पहिली घोडी विकली जाते. वर बाजारात गिऱ्हाईक विचारते ते देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे) आहे का, उंची किती. पाठीवर ओझे घेऊन घाट कसा उतरते, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. आमच्या लेखी घोडीची पारख तीच आहे. उंच शिंगराला दाम येईल, पण त्याला तबेला, दाणा आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) लागेल, म्हणजे ते आमच्या वाड्यावर परत कधीच येणार नाही. जात राखायची असेल तर आधी मेंढपाळाला चराई आणि चालायला वाट राहू द्या.

नीराकाठ:
सर्वांचे आभार. घोडी यंदा भरवणार नाही. मेंढ्या घेऊन ते कुटुंब पुन्हा रानात येईल, तेव्हा तिच्या आईबापांची माहिती विचारून लिहून ठेवतो आणि दुसऱ्या वाड्यावरचा नर त्यांच्याच सल्ल्याने बघतो. मेंढका, आपला वाडा परतताना नीरेच्या बाजूने जात असेल तर कृपया कळवावे.