रॅमच्या पट्ट्या एकेकट्या पास, जोडीने नापास : दोष कुठे शोधावा?

नमस्कार मंडळी,

परभणीत माझे छोटे डीटीपी केंद्र आहे. ऐन लग्नसराईत, गेल्या तीन आठवड्यांपासून, माझा डेस्कटॉप दिवसातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन दाखवून आपोआप रीस्टार्ट होतो. संदेश दर वेळी वेगळा असतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, तर कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिले, पण फरक पडला नाही. मला रॅमचा संशय आला तो वेगळ्याच कारणाने : पत्रिकांची एक झिप फाइल पेनड्राइव्हवर घेतली, ती उघडताना सीआरसी एरर (फाइलमधली माहिती बिघडल्याची सूचना) आली आणि तीच फाइल पुन्हा कॉपी केल्यावर बिनतक्रार उघडली. (तेव्हापासून रोजच्या बॅकअपवरचाही माझा विश्वास उडाला आहे.)

मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या आहेत. एक २०२१ मधली, तर दुसरी गेल्या वर्षी घेतलेली, वेगळ्या कंपनीची. दोन्ही ३२०० वेगाच्या असून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्ट्या त्यांच्या जाहीर जादा वेगावर चालवणारी सोय, चालू होते. दुपारी दोन्ही पट्ट्या ठेवून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर चालवले, तेव्हा पहिल्याच फेरीत ३७ एरर आल्या. ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याच्या पद्धतीत) मेमरीतल्या जागांचे पत्ते दोन्ही पट्ट्यांत वाटले जात असल्याने नुसत्या पत्त्यावरून दोषी पट्टी ठरवता आली नाही. म्हणून रात्री पिना खोडरबराने पुसून एकेक पट्टी स्वतंत्र तपासली. चार-चार फेऱ्यांत एकही एरर आली नाही.

नंतर लक्षात आले की दोन्ही पट्ट्या मी एकाच स्लॉटमध्ये तपासल्या, म्हणजे दुसरा स्लॉट तपासलाच गेला नाही. शिवाय दुपारी खोलीत ४० अंशांच्या आसपास तापमान असते, रात्री तसे नसते. पुढे एक्सएमपी बंद करून पट्ट्या २६६६ वर आणि १.२ व्होल्टवर चालवल्या, तर दोन दिवस मशीन एकदाही पडले नाही. पण नेमका त्याच दोन दिवसांत वळवाचा पाऊस झाला!

आता भर दुपारी, एक्सएमपी चालू ठेवून, प्रत्येक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासावी असा विचार आहे. तरीही एकेकट्या पास झाल्या, तर दोष वेगवेगळ्या पट्ट्यांच्या जोडीचा मानावा, की बोर्ड व प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरचा (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाचा)? नवी पट्टी वॉरंटीत आहे. परंतु एकटी पास होणारी पट्टी कोणी बदलून देईल का, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावा.