एजंट न घेता घर विकतोय, बघायला येणाऱ्यांचं कसं जमवता?

मनीषनगरचं आमचं घर विकायचं आहे, एजंट नको म्हणून गेटवर बोर्ड लावला तर लोक केव्हाही येऊन राहिले, काल भर दुपारी आई झोपली होती अन् चार जण थेट दारात. नाही म्हणवत नाही, काय करू?

उत्तर १
फोन न करता आले तर दार उघडूच नका जी. शनिवार-रविवार सकाळी ९ ते ११ ठेवा, मे महिन्यात दुपारी कूलरच्या आवाजात धड बोलणंही होत नाही. घरात दोघं तरी असा, दागिने कुलपात. अन् ओल असेल तर स्वतःच दाखवा, आम्ही नंदनवनचं घर विकताना बाथरूममागचे पोपडे आधीच दाखवले, त्याच माणसानं घर घेतलं.

उत्तर २
लेआउटमधलं घर म्हटलं की लोक आधी आरएल विचारतात. प्लॉट नियमित असल्याचं नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) ते पत्र, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), टॅक्स पावती, सगळ्याच्या झेरॉक्स दाखवा, ओरिजिनल हातात नको. भाव ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (तुमच्या नावावर भरायचा आयकर) कापतो, ते बोलणीतच ठरवा.

प्रश्नकर्ता
आरएल बाबांच्या फाईलमध्ये सापडलं! बोर्डावर ‘फोन करूनच या’ लिहितो आजच.