मदत हवी आहे: सात भांडी घेऊन कोल्हापूर ते नागपूर, घरगुती भांडी पार्टी कशी जमवावी?

आधीच सांगते, ही जाहिरात नाही. ब्रँड, दर, फोन नंबर काही लिहिणार नाही, व्यक्तिगत निरोपातही विचारू नका.

मी कोल्हापूरची. चार वर्षं झाली, स्वयंपाकाची भांडी घरगुती विकते. ट्रायप्लायच्या (स्टील-ॲल्युमिनियम-स्टील अशा तीन थरांच्या) कढया-पातेली, बिडाचे तवे, आप्पेपात्रं, हवाबंद डबे असा माल. दुकान नाही. कुणाच्या तरी घरी दहा-बारा बायका जमतात, मी दोन पदार्थ करून दाखवते, चहा होतो, ऑर्डरी लिहून घेते. गावात हे बरं चालतं, कारण रिक्षात घालून पस्तीस-चाळीस नग नेता येतात. दिवाणावर, टीपॉयवर मांडून ठेवले की मला फार बोलावंच लागत नाही. बायका कढई उचलून बघतात, बुडाला टिचकी मारतात, झाकण लावतात-काढतात आणि मग एकमेकींनाच पटवतात.

आता संक्रांतीनंतर पंधरा-वीस दिवस बाहेर पडतेय. पुण्यात बहीण, जळगावला नणंद, नागपूरला लेक. तिन्ही गावं महाराष्ट्र एक्सप्रेसच्या वाटेवर. कोल्हापूर ते गोंदिया जाणाऱ्या त्या एका गाडीवर माझं अर्धं गणगोत राहतं. तिघींनीही म्हटलंय की ये, आम्ही बायका जमवतो.

अडचण सामानाची. स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, ते ठीक, पण ते उचलायचं कुणी? दहा इंची बिडाचा तवा एकटाच दोन किलोच्या वर जातो. माझा डावा गुडघा आधीच कुरकुरतो. त्यात लेकीसाठी काकवी, तिखट, जावयाला आवडतो म्हणून गूळ. म्हणजे भांडी फार तर सात. बाकी सगळं कॅटलॉगमध्ये.

मागच्या वर्षी जळगावला हे करून पाहिलं आणि पुरती फजिती झाली. पाच भांडी नेली होती, बाकीची मोबाईलवर दाखवली. एका काकूंनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "यात भात किती मावतो?" मी म्हटलं, अडीच लिटर. "लिटर नको सांगू, माणसं सांग." मला पटकन सांगता येईना! तरी चौदा ऑर्डरी झाल्या, निम्मे पैसे आगाऊ घेतले. घरी येऊन माल ट्रान्सपोर्टने नणंदेकडे पाठवला, तर पुरवठादाराने खोक्यात वीस आणि बावीस सेंटिमीटरची झाकणं एकत्र कोंबलेली. कुणाचं झाकण आत पडतंय, कुणाचं बाहेर लोंबतंय. मी सहाशेएक किलोमीटरवर बसलेली, आणि बायका रोज नणंदेच्या दारात. दोन महिने तिने ते निस्तरलं. तोंडाने काही बोलली नाही, पण दिवाळीला फराळाचा डबा आला तो झाकणाला दोरी बांधून. मी समजायचं ते समजले.

तर सांगा. सातच न्यायची तर कुठली सात? जे सोबत नाही ते बायकांना कसं दाखवायचं? आणि मी पुढच्या गावाला गेल्यावर माल वाटायचं, पैसे गोळा करायचं काम पाहुणचार करणारीच्या गळ्यात न पडता कसं होईल? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

– कढईवाली

चहात आलं:
ताई, सात म्हणजे खूप झाली. हा पार्टीचा धंदा गाजला तोच एका भांड्यावर. टपरवेअरने १९५१ मध्ये अमेरिकेत दुकानांतून माल काढून घेतला आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली. त्यामागे ब्राउनी वाइज नावाची बाई होती. ती वाडग्यात पातळ पदार्थ भरायची, झाकण दाबून लावायची आणि तो वाडगा सरळ खोलीत फेकायची. सांडलं नाही की काम झालं. हेच मॉडेल घेऊन कंपनी १९९६ मध्ये भारतात आली. आमच्या आईच्या भिशीतल्या बायका डब्यात पाणी भरून तो उलटा धरायच्या, ते मला अजून आठवतंय. (कंपनीने २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, ती गोष्ट निराळी.)

तुमच्या मालात 'फेकून दाखवण्यासारखं' काय आहे ते आधी ठरवा.

कढईवाली:
बिडाचा तवा फेकला तर फरशीचे पैसे द्यावे लागतील हो! पण कळलं. माझ्याकडे ती जागा ट्रायप्लायच्या कढईची. कोरडी तापवायची आणि पाण्याचे दोन थेंब टाकायचे. आधी चर्र होऊन उडून जातात. अजून थोडी तापली की थेंब फुटत नाही, पाऱ्यासारखा कढईभर पळत सुटतो. मग आच कमी करून तेल घालायचं आणि पोहे परतायचे, चिकटत नाहीत. स्टीलला चिकटतं म्हणून नाक मुरडणाऱ्या बायका तिथे पुढे सरकतात. दुसरं म्हणजे फ्रिजवरचं चुंबक. बुडाला चिकटलं तर इंडक्शनवर चालेल, त्यांच्या घरचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणून लावलं तर नाही चिकटत. त्याला सामानही लागत नाही.

पाटवडी:
नागपुरातून लिहितेय. इथे पोहे नका करू, ते आम्हाला तर्रीसकट लागतात आणि तुमची फुकट परीक्षा होईल. कढईत पाटवडीचं बेसन घोटून दाखवा. बेसन बुडाला लागतं की नाही यावरच आम्ही कढई पास-नापास करतो. जळगावला शेवभाजीचा मसाला परता. जिथे जाल तिथला जो पदार्थ भांड्याला सगळ्यात जास्त छळतो, तो करा.

जे सोबत नाही त्याबद्दल एक युक्ती. मी साड्यांसोबत थोडी भांडीही विकायचे तेव्हा वर्तमानपत्राचे गोल कापून न्यायचे, प्रत्येक तव्या-कढईच्या खऱ्या मापाचे. घडी घालून पर्समध्ये मावतात. तो गोल बाईच्या स्वतःच्या शेगडीवर ठेवायचा. अठ्ठावीस सेंटिमीटरचा तवा दोन बर्नरमध्ये अडकतो का, ते तिथल्या तिथे दिसतं. फोटोत कधीच कळत नाही. आणि लिटरचं म्हणाल तर घरूनच एकदा प्रत्येक पातेल्यात भात लावून बघा, वहीत लिहून ठेवा: 'दोन वाट्या तांदूळ, चार माणसं, वर चार बोटं जागा.'

भुसावळ जंक्शन:
पाटवडीताईंना अनुमोदन. माझं एक वाढीव सांगणं. नवी भांडी कमी न्या आणि जुनं गिऱ्हाईक शोधा. जळगावला मागच्या वर्षीच्या चौदाजणी आहेत ना? त्यांतल्या दोघी-तिघींना म्हणावं, तुमची वापरलेली कढई घेऊन या. वर्षभर वापरलेलं, हँडल न हललेलं, बुडाला थोडं निळसर झालेलं भांडं कोऱ्या भांड्यापेक्षा जास्त बोलतं. विकणारीपेक्षा वापरणारीवर विश्वास बसतो. अर्थात ज्यांची झाकणं बदलली होती त्यांना सोडून.

कढईवाली:
त्यातली एक तर नणंदेच्या शेजारचीच आहे. तिलाच आधी विचारते. झाकणाचं तिचं निस्तरलं होतं, आणि निस्तरलं हे तिनेच सांगितलेलं जास्त बरं.

गच्चीवरची तुळस:
बाकी सगळे विक्रीबद्दल बोलताहेत, मी वाटपाबद्दल बोलते. वीस वर्षं महिला मंडळाची खजिनदार आहे, पैशांवरून नाती कशी नासतात ते बघितलंय.

नणंदेला फुकट राबवू नका. तिला आधीच सांगा की एकूण विक्रीवर अमुक टक्के तुझे, किंवा अमुक भांडं तुझं. नातं आहे म्हणून संकोच होतो आणि मग फराळाच्या डब्याला दोरी येते. पैसे तिच्या हातात येऊच देऊ नका, प्रत्येकीने थेट तुमच्या खात्यावर जीपे करायचं, आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय माल निघणार नाही. माल एकगठ्ठा पाठवा, पण आत प्रत्येकीची वेगळी पिशवी, वर नाव आणि नगांची यादी. बांधण्याआधी झाकण लावून फोटो काढा, तो त्या बाईला पाठवा. बदली करायची झाली तर तुमच्या खर्चाने, तुमच्या नंबरवर. पावतीवर नणंदेचा नंबर लिहूच नका.

अजून एक. कुठल्या कंपनीच्या डायरेक्ट सेलर म्हणून जात असाल तर २०२१ च्या डिसेंबरात आलेले थेट विक्रीचे नियम बघून घ्या. ओळखपत्र जवळ हवं, आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जाता येत नाही. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांत तर गेटवरच अडवतात. बहिणीला सोसायटीच्या ग्रुपवर आधी कळवायला सांगा.

चहात आलं:
आणि तारखा? संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू असतं. बायका तशाही जमणार. तुमच्या बहिणीच्या हळदीकुंकवातच करा ना, वेगळी पार्टी कशाला?

गच्चीवरची तुळस:
नको. हळदीकुंकवाला आलेली बाई पाच मिनिटं बसते, वाण घेते आणि पुढच्या घरी जाते. तिला कढई तापेपर्यंत थांबवणं बरं दिसत नाही. शिवाय लोक म्हणतात, हळदीकुंकवाला बोलावलं आणि दुकान मांडलं. पण हळदीकुंकवाच्या *आधी* गेलात तर वाणाच्या ऑर्डरी मिळतील. साल काढायचं सोलाणं, चहाची गाळणी, छोटी किसणी. एकेक बाई एकवीस-एकतीस नग घेते. वजन नाही, झाकण तर नाहीच नाही.

कढईवाली:
झाकण नाही हे वाचून हसूच आलं! संक्रांतीनंतर निघणार होते, ते चुकतंच होतं. आता दहा दिवस आधी निघते. पुण्यात वाणाच्या ऑर्डरी घ्यायच्या, तिथून माल सरळ बहिणीच्या पत्त्यावर मागवायचा. जळगाव-नागपूरला संक्रांत उलटल्यावर निवांत डेमो.

बॅग अशी ठरली: चोवीसची ट्रायप्लाय कढई, एक तवा (आठ इंची, दहाचा नाही), आप्पेपात्र घरीच राहू दे, एक डबा पाणी भरून उलटा धरायला, सोलाणं-गाळणी-किसणी एकेक, चुंबक, आणि कागदाचे गोल. कुकर आणि मोठी पातेली गोलांवर. घरच्या काट्यावर सगळं मिळून साडेसहा किलो भरलं. गूळ धरून नऊ.

तुळसताई, नणंदेशी काल बोलले. टक्क्यांचं ऐकून आधी रागावली, "मी काय नोकर आहे का?" म्हणून. मग म्हणाली, टक्के नकोत, ती कढई परत नेऊ नकोस, इथेच ठेव. ठेवेन. पण मग नागपूरला बेसन कशात घोटू? पाटवडीताई, तिथे कुणाकडे चोवीसची ट्रायप्लाय कढई आहे का, दोन दिवसांपुरती?

पाटवडी:
आहे. पण वापरलेली आहे, बुडाला निळी झालेली.

कढईवाली:
तीच हवी.