औशाकडं दीड एकर बघितलंय, घेऊ का?

लातूरहून प्रश्न: औशाच्या पुढं दीड एकर काळी जमीन बघितली. दोन खोल्या, थोडे केसर आंबे, भाजीपाला, एवढंच मनात आहे. गावाकडं माझ्या नावावर सातबारा आहे. विहीर नाही, मालक म्हणतो, बोअरला पाणी हमखास लागतं. बयाणा देऊ का?

उत्तर: दादा, बयाण्याची घाई नको. आधी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ की २ ते बघा; वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या इनामी, मदतमाशच्या (निर्वाहासाठी दिलेल्या) जमिनी बऱ्याच आहेत. जुने फेरफार काढा, सरकारी मोजणी करून घ्या.

उत्तर: पाण्याचं मी सांगते, माझी शेती तिकडंच आहे. मे महिन्यात जा. शेजाऱ्याच्या बोअरची मोटर चालू करायला लावा आणि तासभर तिथंच थांबा. धार फुटाय लागली, गुळण्या टाकाय लागली की समजा, आंबे टँकरवर जगवावे लागतील. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे विसरू नका.

अन् घर! काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. जोत्याला, दारा-खिडक्यांवर सलग आरसीसी पट्टा घालाच. तिथं पैसा वाचवू नका.

उत्तर: रस्ता नकाशावर आहे, की नुसती बांधावरची वहिवाट?

प्रश्नकर्ता: वहिवाटच आहे. उद्या तलाठ्याकडं जातो.