मदत हवी आहे: अंगणातलं झाड उमेचं की अंझूचं?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी आम्ही जपानात नागानो प्रांतात राहायला आलो. भाड्याचं जुनं लाकडी घर, पुढे वीतभर अंगण आणि त्यात एक म्हातारं, वाकडंतिकडं झाड. डावीकडच्या आजी म्हणतात, हे उमे. समोरचे आजोबा म्हणतात, छे, अंझू (म्हणजे जर्दाळू). दोघंही ऐंशीच्या पुढचे, दोघांचाही जन्म इथेच गेलेला. आणि दोघांत बोलाचाली नाही असं दिसतंय, त्यामुळे समोरासमोर बसवून सोक्षमोक्ष लावायची सोय नाही.

एरवी मी नाद सोडला असता. पण आजींनी उमेबोशी (उमेचं खारवून वाळवलेलं लोणचं) शिकवायचं कबूल केलंय, आणि आजोबा म्हणतात की याचं लोणचं घालशील तर फुकट जाईल, जॅम कर. झाडाला आत्ता, जूनच्या सुरुवातीला, भरपूर हिरवी फळं लागली आहेत.

मला दिसलेलं सांगते. फुलं मार्चच्या अखेरीस आली, पानं फुटायच्या आधी. फिकट गुलाबी, बऱ्यापैकी मोठी, फांदीला चिकटून बसल्यासारखी. वास होता, पण नाक जवळ नेल्यावर. पानं रुंद आहेत. गेल्या वर्षीची फळं पिकल्यावर पिवळी, एका गालावर लाली, मोठ्या लिंबाएवढी आणि आंबट जहर. आठळ्या मी फेकून दिल्या. फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

शिवाय उमेला मराठीत म्हणायचं काय? इंग्रजीत सगळीकडे 'प्लम ब्लॉसम' लिहितात. सांगलीला आईला फोनवर आलुबुखाराचं झाड म्हणून सांगून टाकलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– हिमफुला

कोथिंबीरवडी: साकुरा तर नाही ना? 😀 तिकडे गुलाबी फूल दिसलं की आम्हाला साकुराच वाटतो.

हिमफुला: नाही हो, एवढं कळतं आता. साकुराच्या पाकळीच्या टोकाला खाच असते आणि फुलं लांब देठांवर झुबक्याने लोंबतात. याच्या पाकळ्या गोल आहेत.

रानभूल: आधी आईला फोन करून आलुबुखार मागे घ्या. प्लम ही पाश्चात्त्यांनी लावलेली सवय आहे, झाड जर्दाळूच्या घरातलं. तुमच्या फळाच्या सालीवर बोट फिरवून बघा, बारीक मखमली लव लागेल. आलुबुखाराची साल गुळगुळीत असते, वर पांढरट भुकटी. जपानीत त्याला वेगळा शब्दही आहे, सुमोमो.

शास्त्रीय नाव प्रुनस मुमे. कुल गुलाबाचं. प्रुनस ही प्रजाती म्हणजे मोठं एकत्र कुटुंब: बदाम, पीच, चेरी, आलुबुखार, जर्दाळू सगळे त्यातच. 'मुमे' हा उमेचाच जुना उच्चार. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच वखारीत १८२३ साली आलेला जर्मन डॉक्टर झीबोल्ट याने तो तसाच नावात घेतला. गंमत बघा, १८३० मध्ये त्याने हे झाड आर्मेनियाका या जर्दाळूच्या प्रजातीत घातलं, आणि १८३६ मध्ये झुकारिनी या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर लिहिताना प्रुनसमध्ये हलवलं. चीनच्या अधिकृत वनस्पतिकोशात अजूनही आर्मेनियाका मुमे असंच आहे. म्हणजे तुमचे आजी-आजोबा भांडतात त्यात नवल नाही, पुस्तकंही भांडतात.

सांजवेळ: पण मग मूळचं जपानीच ना?

रानभूल: नाही. मूळ दक्षिण चीनचं, सिचुआन-युन्नानच्या डोंगरांतलं. जपानात ते फार पूर्वी गेलं आणि तिथल्या दरबारी लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या रेइवा या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव ज्या मजकुरातून घेतलं, तो इ.स. ७३० मध्ये दाझाइफूला उमेची फुलं बघायला जमलेल्या मैफलीबद्दलचाच आहे.

चिंचेचा_बोटूक: रानभूल, इतिहास छान पण ताईंना लोणचं घालायचंय. 🙂

हिमफुला, मी चार वर्षं जपानातच इबाराकी प्रांतात होते, मितोच्या काइराकुएन या उमेच्या बागेत दर फेब्रुवारीत जायचे. तिथल्या माळीकाकांनी दाखवलेल्या खुणा सांगते. वास आणि फुलाचा रंग यांवर जाऊ नका, त्यात फसायला होतं.

पहिलं म्हणजे यंदाची कोवळी डहाळी बघा. उमेची हिरवी असते, अंझूची तांबूस. पान: उमेचं लहानसं, टोक शेपटीसारखं लांब ओढलेलं, अंझूचं रुंद, गोलसर. मग एक फळ कापा. उमेचा गर आठळीला घट्ट धरून असतो आणि आठळीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतात. अंझूची आठळी त्यामानाने गुळगुळीत, आणि पिकल्यावर गरापासून सुटून येते. आपण दिवाळीत सुका जर्दाळू फोडतो तेव्हा आतली आठळी कशी निघते, तशी. फुलांचे फोटो जवळून काढलेले असतील तर पाकळ्यांखालची निदलं बघा: अंझूत ती पूर्ण मागे वळलेली असतात, उमेत नाही.

आणि कापलेलं हिरवं फळ चाखू नका. कच्च्या फळात आणि बीमध्ये अमिग्डालिन असतं, त्यातून सायनाइड तयार होतं. मुलं असतील तर त्यांनाही सांगा.

हिमफुला: बघितलं! आणि डोकं जास्तच फिरलं. डहाळी सावलीच्या बाजूला हिरवी, उन्हाच्या बाजूला तांबूस. पान रुंद, पण टोक निघालेलं. साल मखमली, म्हणजे आलुबुखार नक्की बाद. गर आठळीला चिकटून. आठळीवर खड्डे आहेत, पण उथळ. फोटोतली निदलं अर्धवट मागे वळलेली. आता?

चिंचेचा_बोटूक: आता दोघंही बरोबर! हे बहुतेक बुंगो-उमे.

उमे आणि अंझू यांचा संकर सहज होतो. जपानी माळी उमेचे तीन गट करतात. याबाई म्हणजे रानटीच्या जवळचे, बारीक फांदीचे, सुवासिक. हिबाई म्हणजे फांदी कापली की आतलं लाकूडच लाल निघतं ते. गंमत म्हणजे फूल पांढरं असलं तरी लाकूड लाल असेल तर झाड हिबाईतच जातं. आणि तिसरा बुंगो, अंझूचं रक्त मिसळलेला: फुलं मोठी, बहुधा गुलाबी, उशिरा येणारी, वास बेताचा, पानं रुंद, फळ दांडगं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये नेमकं हेच लिहिलं होतं, माझ्याच लक्षात आलं नाही. बुंगो हे आजच्या ओइता प्रांताच्या बहुतेक भागाचं जुनं नाव, हे झाड तिथलं प्रांतवृक्षही आहे. थंडी सोसतं, म्हणून तुमच्याकडे लावलेलं असणार. त्यात नागानोत चिकुमाचं अंझूचं गाव प्रसिद्ध, तेव्हा आजोबांना ते अंझू वाटणं साहजिक आहे.

रानभूल: +१. चीनमध्येही असा वेगळा गट आहे, शिंग-मेई, शब्दशः जर्दाळू-मेई (मेई हे उमेचं चिनी नाव). मराठीत मी तरी 'उमे' असंच लिहीन, आणि आईला 'जर्दाळूची चुलत बहीण' म्हणून सांगा. ता. क. जपानीत 'ओउबाई' म्हणजे 'पिवळं उमे' असंही एक झुडूप आहे, त्याला भुलू नका. ते जाई-जुईच्या कुलातलं निघतं.

कोथिंबीरवडी: मग लोणचं की जॅम??

हिमफुला: सगळ्यांचे मनापासून आभार. जूनअखेरीचं अपडेट देते. आजींना 'बुंगो' म्हटलं तर त्या म्हणाल्या, बुंगो म्हणजे उमेच की. आजोबांना म्हटलं, तर ते म्हणाले, म्हणजे अर्धं अंझूच की. दोघंही खूश.

पिवळी होऊ लागलेली साडेतीन किलो उतरवली. आजी १८ टक्के मीठ सांगतात, म्हणजे ६३० ग्रॅम. आपल्या लोणच्यासारखंच, फळ पुसून कोरडं करायचं, मीठ चोळायचं, वर वजन ठेवायचं आणि खार सुटायची वाट बघायची. मग लाल शिसोची (एक सुवासिक जपानी पाला) पानं, आणि पावसाळा सरल्यावर तीन दिवस उन्हात. इथल्या पावसाळ्याला 'त्सुयु' म्हणतात आणि तो लिहितात 'उमेचा पाऊस' असा. खिडकीतून बघतेय, धो धो चाललाय. वरची फांदी आजोबांच्या जॅमसाठी ठेवली आहे.

दोन दिवस झाले तरी खार फळांच्या वर आलेला नाही, जेमतेम निम्म्यापर्यंत आहे. वजन वाढवू की थांबू? चिंचेचा_बोटूक, आहात का?