जेट बोटीचं ऑइल घरीच बदलायचंय, आणि चार महिने बंद ठेवायचीये

काठावरचा_जावळीकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव बामणोलीच्या बाजूला, शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर. दिवाळीत मी आणि मामेभावाने मिळून सेकंडहँड जेट बोट घेतली, यामाहाचं चार सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन आहे. सीझनभर चालवली, आता जून तोंडावर आलाय म्हणून ट्रेलरवर घेऊन घरामागच्या शेडमध्ये लावलीये. साताऱ्यात गाड्यांचे मेकॅनिक पायलीला पन्नास पण जेट बोट म्हटलं की कुणी हात लावायला तयार नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ सगळे अमेरिका-कॅनडाचे, विंटरायझिंग म्हणून, म्हणजे हिवाळ्यासाठी बोट बंद करून ठेवताना, इंजिनात गुलाबी अँटीफ्रीझ ओततात, ते आपल्याला लागतं का? आणि ऑइल काढायचा नटच सापडत नाहीये, इंजिनाखाली हात जाईल एवढीसुद्धा जागा नाही.

मिरजेचा_फिटर
नट शोधत बसू नका भाऊ, ह्या इंजिनांचं ऑइल वरनंच काढतात. डिपस्टिक काढायची, त्याच नळीत पंपाची बारीक नळी तळाला टेकेपर्यंत घालायची आणि हातपंपाने ओढायचं. इंजिन आधी थोडं गरम करा म्हणजे ऑइल पातळ होऊन पटकन येतं आणि गाळही सोबत येतो. पण गरम करताना होसपाईप लावावा लागतो आणि इथंच लोक घोटाळा करतात. आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ बंद, इंजिन दहा-पंधरा सेकंद तसंच चालू द्यायचं म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतं, मग इंजिन बंद. कारण हे पाणी इंजिन थंड करून एक्झॉस्टच्या वाटेनं बाहेर जातं, त्याला ढकलायला एक्झॉस्टचा गॅस लागतो. इंजिन बंद असताना नळ सोडला तर पाणी मागं फिरून थेट सिलिंडरमध्ये.

फिल्टर बदलताना खाली प्लॅस्टिकची बाटली आडवी कापून धरा, नाहीतर सगळं ऑइल बोटीच्या तळाला सांडतं आणि ते पुसायला अर्धा दिवस जातो. नव्या फिल्टरच्या रबर रिंगला ऑइलचं बोट फिरवा. जेवढं निघालं ते मोजून ठेवा, त्याच्यापेक्षा थोडं कमीच भरा, मग बोट लेव्हलला ठेवून डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवा. जास्त भरलेलं पण वाईटच. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. आणि जुनं ऑइल कॅनमध्ये भरून भंगारात ऑइल घेणाऱ्याला द्या, हात जोडून सांगतो, ओढ्यात ओतू नका. तुमच्या काठावरचं पाणी खाली कराडला प्रीतिसंगमात येतं आणि तिथनं आमच्या सांगलीला, आम्ही तेच पितो.

वेण्णाकाठ
अँटीफ्रीझची अजिबात गरज नाही. तिकडं पाणी गोठतं, गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो, म्हणून ते ओततात. आमच्या महाबळेश्वरला वेण्णा लेकवर थंडीत दव गोठतं, पेपरात फोटो येतात, पण तो गाड्यांच्या टपावरचा पातळ थर असतो, सकाळी उन्हं आली की गेला. आपल्याकडं बोटीला मारते ती ओल. माझ्या आधीच्या बोटीला मी ताडपत्री चारी बाजूनं घट्ट आवळून बांधली होती, ऑक्टोबरमध्ये सोडली तर सीटवर हिरवी बुरशी आणि वायरिंगचे सगळे कनेक्टर गंजलेले. आता घराला पावसाळ्यात गवताची झडी, म्हणजे आडोसा, लावतो तशीच बोटीला लावतो, पाऊस अडतो पण वारा खेळतो. मागचा ड्रेन प्लग काढून ठेवा, पुढची बाजू थोडी उचलून ठेवा, पाणी आपोआप निघून जातं. एक्झॉस्टच्या तोंडाला जाळी बांधा, उंदीर आत घर करतात. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातनं एकदा चार्ज करा.

पेट्रोलचं विसरू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसात चार महिन्यांत टाकीच्या तळाला पाणी साठायला वेळ लागत नाही. मी टाकी पूर्ण रिकामी करून पेट्रोल गाडीत घालतो. तुम्हाला ठेवायचंच असेल तर टाकी भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घाला आणि इंजिन थोडा वेळ चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं.

काठावरचा_जावळीकर
फिटरदादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. रविवारी मी आधी नळ सोडला होता, मग तीन-चार वेळा स्टार्टर मारला, इंजिन घेतच नव्हतं म्हणून सोडून दिलं. आत्ता डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल जास्त दुधाच्या चहासारखं झालंय.

मिरजेचा_फिटर
स्टार्टरला हात लावू नका! पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. आजच चारी स्पार्क प्लग काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सुटे ठेवा, प्लगच्या भोकांवर वाकून बघू नका आणि मगच दोन-दोन सेकंद स्टार्टर मारा. पाणी यायचं थांबलं की प्रत्येक भोकात थोडं फॉगिंग ऑइल (आत गंज धरू नये म्हणून फवारायचं ऑइल) मारा. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग बसवून चालू करा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा ऑइल काढा. पहिल्या वेळी स्वस्तातलं त्याच ग्रेडचं वापरा, ते फेकायचंच आहे. ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचं. उशीर केला तर आत गंज धरेल.

काठावरचा_जावळीकर
केलं. दोन आणि तीन नंबरच्या भोकातनं कारंजं उडालं, शेडच्या पत्र्यापर्यंत. एक आणि चार कोरडे होते. दोन नंबरच्या प्लगच्या आट्यांवर तांबूस डाग होता, पण इंजिन तिसऱ्या सेल्फला घेतलं आणि आवाज अगदी सरळ आहे. पहिलं ऑइल पूर्ण पांढुरकं, दुसरं थोडं धुरकट, तिसऱ्यांदा बदलल्यावर आज सकाळी डिपस्टिकवर मधासारखं स्वच्छ दिसलं. होसच्या तोंडाजवळ बोटीवर पेंटने मोठ्या अक्षरात लिहून टाकलंय, "आधी इंजिन, मग पाणी". उद्या फॉगिंग करून बॅटरी काढतो, झडीसाठी गवत मामाकडनं येतंय.