मदत हवी आहे: जिप्सीला परवडणारा ऑटोमॅटिक डिफरेन्शिअल लॉकर - मागे बसवू की पुढे?

काजूवाला

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर पेट्रोल. पाटे मूळचेच, टायर मड टेरेन, कंपनीच्या मापापेक्षा किंचित मोठे. आठवडाभर गाडी कोल्हापुरात बाजार, शाळा, सासुरवाडी अशी पळते. शनिवार-रविवारी चंदगडकडच्या काजूच्या बागेत जाते, आणि खरी कटकट तिथेच आहे.

बागेच्या अलीकडे तांबड्या मातीची चढण आहे. पावसाळ्यात तिच्यावर ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडतात, त्याही तिरक्या. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम लोंबकळायला लागलं की संपलं. फोर-लो (चारही चाकांना जोर, हळू गिअर) टाका, पहिला गिअर टाका, ती दोन चाकं हवेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म. दोन्ही डिफरेन्शिअल (अॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) ओपन, म्हणजे लॉक नसलेले आहेत, तेव्हा हे होणारच. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. लोंबकळणाऱ्या चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो.

म्हणून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर हवा आहे. बजेट मजुरीसकट ६० हजार. एआरबी कंपनीचा, हवेच्या दाबाने लागणारा एअर लॉकर उत्तम, पण लॉकर, कॉम्प्रेसर, वायरिंग आणि बसवणं धरलं तर माझ्या आवाक्याबाहेर जातो. फोर्सच्या गुरखा गाडीला कंपनीतूनच पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक मिळतात, ते बघून जीव जळतो. पण गाडी बदलायची नाही. डेट्रॉइट लॉकरला डिफची अख्खी केस (गिअर धरून ठेवणारं कवच) बदलावी लागते. वेल्डिंग मारून डिफमधले स्पायडर गिअर कायमचे जाम करा, असं एकाने सुचवलं. ज्या गाडीत पोरं शाळेत जातात तिला ते करणार नाही.

उरतो लंचबॉक्स प्रकार: लॉक-राइट, ऑसी लॉकर, ऑस्ट्रेलियाचा लोक्का वगैरे. मूळ केस तशीच ठेवून आतले स्पायडर आणि साइड गिअर काढायचे आणि त्या जागी हा संच घालायचा. हवा नको, वायर नको, बटण नको. परदेशी दुकानांत साधारण ३०० ते ४५० डॉलर दिसतात, वर भाडं आणि कस्टम. एवढं झेपेल.

आता शंका:

मागे बसवू की पुढे? चढणीवर वजन मागे जातं, म्हणून मन मागे म्हणतं. पण हीच गाडी जुलै-ऑगस्टात ओल्या घाटातून जाते आणि बऱ्याचदा बायको चालवते. वळणावर मागचा लॉकर खाडकन लागला तर?

सुझुकी सामुराईसाठी (जिप्सीची परदेशातली बहीण) विकला जाणारा संच जिप्सीला सरळ बसतो का?

आणि साधा मिस्त्री हे काम करेल की क्राउन-पिनियनची (डिफला जोर देणाऱ्या गिअरच्या जोडीची) सेटिंग नव्याने करावी लागेल?

विंच घे, हा सल्ला घरच्या घरी मिळून झाला आहे. त्या चढणीवर दोर अडकवायला धड झाड नाही.

---

डोंगरवाट

काजूवाले, आधी आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे मागे की पुढे हे आपोआप सुटेल.

संचात मधे दोन दातेरी चकत्या असतात. त्यांच्यामधून मूळचीच आडवी पिन जाते. एंजिनचा जोर आला की पिन चकत्यांच्या उतरत्या खाचेत चढते आणि दोघींना बाहेर रेटते. त्या संचातल्याच नव्या साइड गिअरच्या दातांत घट्ट बसतात आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून ते पुढे पळतं, त्याच्या बाजूचे दात स्प्रिंग दाबून एकमेकांवरून घसरतात आणि कट-कट-कट आवाज येतो. अॅक्सिलरेटर सोडून वळलात तर हे शांतपणे होतं. पाय देऊन वळलात तर बाहेरचं चाक मोकळं होतं, सगळा जोर आतल्या चाकावर जातो आणि गाडी सरळ जायला बघते. मधेच पाय उचललात तर झटका.

मागचा अॅक्सल चोवीस तास कामावर असतो, तेव्हा हे सगळं बाजारात, शाळेच्या फाटकावर, घाटात, सगळीकडे भोगावं लागतं. लांब, जड गाडीत ते फारसं जाणवत नाही, आखूड आणि हलक्या गाडीत चांगलंच जाणवतं. पुढच्या अॅक्सलला फ्री-व्हील हब (चाक शाफ्टला जोडणारे किंवा सोडवणारे) आहेत. ते मोकळे ठेवले की रस्त्यावर लॉकर असून नसल्यासारखा.

तुमच्या वापराला माझं मत पुढे.

---

घाटमाथा

डोंगरवाट, रस्त्यापुरतं पटलं. चढणीचं काय? चढावर पुढची चाकं हलकी होतात. तिथला लॉकर मागच्याच्या निम्मंही काम देणार नाही. शिवाय पुढच्या अॅक्सलचे बर्फिल्ड जॉइंट (वळणाऱ्या चाकापर्यंत जोर पोचवणारे सांधे) हा सामुराई-जिप्सी घराण्याचा कच्चा दुवा. स्टिअरिंग पूर्ण तोडलेलं, टायर मोठे, पुढे लॉकर आणि वर जोरात पाय दिलात तर जॉइंट चढणीवरच सोडून यावा लागेल. पॉवर स्टिअरिंग नसेल तर हब लावल्यावर हातही भरून येतील.

मी मागे लावला असता आणि बायकोला अर्धा तास मैदानात चालवायला दिला असता. सवय होते.

---

काजूवाला

घाटमाथा, सवय मला होईल. तिला अर्धा तास मैदानात चालवायला सांगायचं धाडस तुम्हीच करा :)

डोंगरवाट, पुढचा धरून चालतो. चढण बरीचशी सरळ आहे, स्टिअरिंग फार तोडावं लागत नाही. बसवण्याबद्दल सांगा ना.

---

पाना-पक्कड

गॅरेजवाला आहे, म्हणून थोडं.

सामुराईचा संच मागवण्याआधी तुमच्याच गाडीची अॅक्सल शाफ्ट काढा आणि तिच्या टोकाचे दात मोजा. सामुराईला २६ असतात. जिप्सीचे अॅक्सल वेगवेगळ्या वर्षांत बदललेत, शिवाय जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय घातलंय कुणास ठाऊक. दात मोजून, पुढच्या केसचा फोटो विक्रेत्याला पाठवून लेखी होकार घ्या. पुढचा आणि मागचा संच एकच समजू नका.

क्राउन-पिनियनची भीती बाळगू नका. गोळा (डिफचा अख्खा संच) बाहेर काढावा लागतो, पण बेअरिंगच्या दोन्ही अॅडजस्टर नटांवर आणि कॅपवर खुणा करून उघडलं आणि तसंच परत बसवलं तर बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली फट) जागेवर राहतो. मिस्त्रीकडे ही फट मोजायचं डायल गेज असेल तर तपासून घ्या. नसेल तर मिस्त्री बदला. दोन चकत्यांमधली फट फिलर गेजने बघा. ती पत्रकातल्या मापाबाहेर गेली तर मूळ केस किंवा वॉशर झिजलेत, आणि अशा केसमध्ये नवा लॉकर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

बसवल्यावर परीक्षा: पुढची दोन्ही चाकं उचला, हब लावा, फोर-व्हील आणि गिअर टाका. दोन्ही चाकं पुढच्या दिशेला अडेपर्यंत फिरवा. एकाने एक चाक तसंच दाबून धरायचं, दुसऱ्याने पलीकडचं पुढचं चाक मागच्या दिशेला फिरवायचं. कट-कट करत मोकळं फिरलं पाहिजे. मग बाजू बदलून तेच. एका बाजूला फिरलं नाही तर गाडी खाली उतरवू नका.

दोन्ही पुढचे टायर एकाच झिजेचे आणि एकाच हवेचे ठेवा. व्यासात फरक असला की हब लावलेले असताना लॉकर सरळ वाटेवरही एका बाजूने सुटत राहतो. डांबरावर आलात की हब मोकळे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

हो, पैसे भरण्याआधी एकदा त्याच चढणीवर टायरची हवा १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवून बघा (ट्यूबचे टायर असतील तर इतकी उतरवू नका, टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटतो). चाक हवेत गरगरायला लागलं की अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अलगद दाबा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा मिळाला की जमिनीवरच्या चाकालाही थोडा टॉर्क पोचतो. पुष्कळदा गाडी तेवढ्यावर निघते.

---

काजूवाला

आभार. या शनिवारी हवा उतरवून आणि ब्रेकची युक्ती लावून बघतो. शाफ्ट पुढच्या आठवड्यात उघडतो, दातांचा आकडा इथेच टाकतो. पुढचा लॉकर कुणी जिप्सीला लावला असेल तर ब्रँड आणि कस्टम धरून घरपोच किती पडला, तेवढं जरूर लिहा.